‘देवानांप्रिय’ : एका बिरुदाचा अर्थापकर्ष आणि त्याची प्रचलित मीमांसा

संस्कृत शास्त्रग्रंथांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ‘देवानांप्रिय’ हा शब्द ‘मूर्ख’ या अर्थी ठाऊक असतो. आणि ज्यांनी प्राचीन भारताचा इतिहास अभ्यासिला आहे त्यांना तोच शब्द सम्राट अशोकाचे बिरुद म्हणून ठाऊक असतो. हे दोन अर्थ एकाच शब्दाचे आहेत हे ध्यानात आले म्हणजे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर आपल्याकडे बहुधा तयारच असते. अशोक बौद्ध झाला, वैदिक ब्राह्मणांना ते रुचले नाही, त्यांनी त्याच्या बिरुदाला मूर्खाचा अर्थ चिकटवून सूड उगविला, असे ते उत्तर. व्याख्यानांतून, इतिहासाच्या सुबोध पुस्तकांतून आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतूनही ते इतक्या वेळा येते की त्याला पुरावा कोणता, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. ब्राह्मण आणि श्रमण यांच्यामध्ये वैर नव्हते असे मात्र मला म्हणावयाचे नाही; ते होते, आणि त्याच्या खुणा भाषेतही उमटल्या आहेत. प्रश्न इतकाच की या विशिष्ट शब्दाच्या अर्थापकर्षाचे कारण ते वैर होय काय. शब्दाचा इतिहास त्याच्या प्रयोगांवरून ठरवावयाचा असतो. दोन टोकांचे दोन अर्थ घेऊन त्यांच्यामध्ये आपल्या माहितीतील एखादे मोठे ऐतिहासिक भांडण बसवून देणे ही व्युत्पत्ती नव्हे.

प्रथम बिरुदाचा विचार करू. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तेव्हा लेखांत पुनःपुन्हा येणारा ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा कोण, हे त्याला कळेना. सिंहलद्वीपात देवानंपिय तिस्स नावाचा राजा होऊन गेल्याचे माहीत असल्यामुळे प्रारंभी त्याने हे लेख त्याच्याकडे लावले. जॉर्ज टर्नरने सिंहली बखरींच्या आधारे पियदसि म्हणजे अशोक हे दाखविले, आणि पुढे १९१५ मध्ये मस्की येथील लेखात प्रत्यक्ष ‘अशोक’ हे नाव मिळाल्यावर शंकेला जागा उरली नाही. प्रिन्सेपची ही पहिली चूक आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. ती चूक घडू शकली याचे कारण हे बिरुद एकट्या अशोकाचे नव्हते. अशोकाचा नातू दशरथ याने नागार्जुनी टेकडीवरील गुहा आजीवकांना दान दिल्या. त्या लेखांत तोही स्वतःला ‘देवानंपिय’ म्हणवितो. आजीवक बौद्ध नव्हते, हे सांगावयास नकोच.

याहून निर्णायक पुरावा अशोकाच्याच आठव्या शिलालेखात आहे. (याच लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये आपल्या सोपाऱ्यास सापडला.) पूर्वीचे राजे विहारयात्रांना, म्हणजे शिकारीला आणि मौजेला, बाहेर पडत, मी मात्र धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्या लेखाचा आशय. यांतील ‘पूर्वीचे राजे’ यासाठी गिरनारच्या प्रतीत ‘राजानो’ असा शब्द आहे. पण काल्सी आणि शाहबाजगढी येथील प्रतींत त्याच जागी ‘देवानंपिय’ या शब्दाचे अनेकवचन आहे. म्हणजे मौर्यकालीन राजलेखकाच्या दृष्टीने ‘राजे’ आणि ‘देवानंपिय’ हे परस्परांच्या जागी येऊ शकणारे शब्द होते. आणि हे पूर्वीचे राजे कोण? शिकारीत रमणारे, धर्मयात्रा ठाऊक नसलेले. बौद्धत्वाशी या बिरुदाचा काडीचाही संबंध नाही, ते राजपदाचे बिरुद आहे, हे यावरून स्पष्ट होते. त्याची निंदा करून बौद्धांची निंदा कशी साधावी?

आता व्याकरणाकडे वळू; कारण या शब्दाचे खरे आयुष्य राजवाड्यात गेले नाही, पाठशाळेत गेले. समासात पूर्वपदाच्या विभक्तीचा लोप व्हावा हा सामान्य नियम. ‘देवांचा प्रिय’ याचा समास ‘देवप्रिय’ व्हावयास हवा. काही शब्दांत हा लोप होत नाही. युधिष्ठिर, वाचस्पती, अंतेवासी हे असे अलुक् समास मराठीतही रूढ आहेत. पाणिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील एकविसावे सूत्र सांगते की निंदा किंवा शिवी अभिप्रेत असेल तर षष्ठीचा लोप होत नाही. ‘चोराचे कुळ’ अशा तऱ्हेचे त्याचे उदाहरण टीकाकार देतात. या सूत्रावर कात्यायनाची काही वार्तिके आहेत आणि त्यांत ‘देवानांप्रिय’ हा शब्द आला आहे. प्रचलित मीमांसेचा सर्वांत भक्कम वाटणारा आधार तो हाच. शिवीच्या सूत्राखाली शब्द आला, तेव्हा तो शिवीच असणार, असा तर्क केला जातो.

परंतु हा तर्क उलटा आहे. वार्तिक असते ते सूत्राने जे साधत नाही ते साधण्यासाठी. ‘देवानांप्रिय’ ही कात्यायनाच्या काळी शिवी असती तर मूळ सूत्रानेच त्याची सिद्धी झाली असती. वेगळे वार्तिक करण्याचे कारणच उरले नसते. वार्तिक करावे लागले, कारण शब्द निंदेचा नव्हता आणि तरीही त्यात षष्ठी शिल्लक होती. त्याचे सोबती पाहिले म्हणजे हे अधिकच पटते. वाचोयुक्ति, पश्यतोहर, आमुष्यायण, शुनःशेप, दिवोदास हे शब्द याच वार्तिकांत येतात. पश्यतोहर म्हणजे डोळ्यांदेखत चोरणारा. तेवढा एक सोडला तर यांत निंदेचा वास कोठे आहे? आमुष्यायण म्हणजे तर नामांकित बापाचा पुत्र. दिवोदास आणि शुनःशेप ही वेदातील विशेषनामे.

पतंजलीच्या साक्षीचे मोल याहून अधिक आहे. पतंजलीचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाचा मध्य हा सर्वसामान्यपणे मान्य आहे. पुष्यमित्राचा उल्लेख वर्तमानकाळात करणारा हा ग्रंथकार. मौर्यांचे राज्य नुकतेच लयास गेले आहे, वैदिक यज्ञयागांना पुन्हा राजाश्रय मिळाला आहे. ब्राह्मणांनी अशोकाच्या बिरुदावर सूड उगविला असेल तर तो याच काळी, याच वर्तुळात. शिवाय पतंजलीला या वैराची जाणीव नव्हती असेही नाही. ज्यांचा विरोध शाश्वत असतो अशांच्या द्वंद्वाचे उदाहरण म्हणून तो श्रमण आणि ब्राह्मण यांची जोडी निःसंकोचपणे देतो. असा हा पतंजली ‘देवानांप्रिय’ शब्दाविषयी काय सांगतो? पाचव्या अध्यायात आदरार्थी संबोधनांसाठी वापरावयाच्या शब्दांचा एक गण तो देतो. त्यात चार शब्द आहेत : भवान्, दीर्घायु, देवानांप्रिय आणि आयुष्मान्. म्हणजे ‘आपण’ आणि ‘चिरंजीव’ यांच्या पंक्तीला हा शब्द बसला आहे. ज्या ग्रंथकाराला वैर दिसते आणि जो ते बोलूनही दाखवितो, त्याला या शब्दात ते दिसत नाही. प्रचलित मीमांसेच्या पुरस्कर्त्यांनी या साक्षीकडे इतके दुर्लक्ष कसे केले, याचे मला नवल वाटते.

येथे कोणी दुसऱ्या अध्यायावरील महाभाष्यातील तो प्रसिद्ध सारथ्याचा संवाद पुढे करील, आणि तो करावाच. एक वैयाकरण रथ पाहून त्याचा ‘प्रवेता’ कोण असे विचारतो. सारथी त्याला ‘आयुष्मन्’ असे संबोधून सांगतो की मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द आहे. त्यावर सारथी उत्तर देतो की देवानांप्रियांना नियमाने काय प्राप्त होते ते कळते, पण लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. वैयाकरण चिडून त्याच्या ‘सूत’ या नावावरच घसरतो, तर सारथी तेथेही त्याची व्युत्पत्तीची चूक दाखवितो! आपल्या शास्त्रीय वाङ्मयात व्याकरणाच्या पंडिताची अशी फजिती व्याकरणाच्याच सर्वश्रेष्ठ ग्रंथात व्हावी, ही गोष्ट भाषेच्या प्रत्येक अध्यापकाने वर्षातून एकदा तरी वाचण्यासारखी आहे.

या संवादातील ‘देवानांप्रिय’ चा अर्थ मूर्ख असा करण्याची रीत आहे. तो अर्थ येथे चुकीचा आहे असे मला वाटते. सारथ्याने एकाच माणसाला आधी ‘आयुष्मन्’ म्हटले आणि लगेच ‘देवानांप्रिय’ म्हटले. हे दोन्ही शब्द पतंजलीच्या एकाच आदरार्थी गणातले. सारथी पायरी सोडून बोलत नाही. तो सभ्यतेची भाषा शेवटपर्यंत राखतो. त्याच्या उत्तराला धार आहे ती त्यामुळेच. शब्दाचा अर्थ आदराचा आणि बोलणाराचा आशय उपहासाचा, असा हा प्रयोग आहे. वाच्यार्थ आणि वक्त्याचा अभिप्राय यांतील हे अंतर जर आपण पुसून टाकले, तर विनोदही जातो आणि शब्दाच्या इतिहासातील एक महत्त्वाची अवस्थाही हरवते. उपहास येथे प्रसंगात आहे, स्वरात आहे. अजून शब्दात उतरलेला नाही.

मराठी भाषकाला हे समजण्यास कष्ट पडू नयेत. ‘काय महाराज, आज इकडे कोठे?’ यांतील ‘महाराज’ कोणत्या अर्थाने आला हे स्वरावरून ठरते. ‘आमच्या चिरंजीवांनी परीक्षेत दिवे लावले’ असे बाप म्हणतो तेव्हा पतंजलीच्या गणातील ‘आयुष्मान्’ चेच तो मराठी रूप वापरीत असतो, आणि कोशात ‘चिरंजीव’ शब्दाला ‘नापास मुलगा’ असा अर्थ द्यावा असे कोणी म्हणत नाही. ‘शहाणा’ शब्दाची गोष्ट एक पाऊल पुढे गेलेली आहे. ‘तू मोठा शहाणा आहेस’ हे वाक्य आता स्तुतीपेक्षा कानउघाडणीसाठीच अधिक वापरले जाते. आणि ‘दीडशहाणा’ मध्ये तर उपहास शब्दातच मुरला आहे, तेथे स्वराची गरज राहिलेली नाही. ‘पंडित’, ‘विद्वान’, ‘बृहस्पती’ यांची वाटचाल त्याच रस्त्याने चालू आहे. यांपैकी कोणत्याही शब्दामागे कोणा पंथाचा द्वेष शोधण्याची आवश्यकता आपणास भासत नाही.

आदरवाचक शब्द वापरून वापरून झिजतो. ‘देवानांप्रिय’ च्या बाबतीत ही झीज प्रत्यक्ष पाहावयास मिळते, ती जैन आगमांच्या अर्धमागधीत. तेथे ‘देवाणुप्पिय’ हे संबोधन पानोपानी येते. शिष्य गुरूला ते लावतो, पती पत्नीला लावतो. इतकेच काय, कल्पसूत्रातील राजा सिद्धार्थ आपल्या सेवकांना आज्ञा करतानाही त्यांना ‘देवाणुप्पिय’ म्हणतो. जे एके काळी राजाचे बिरुद होते ते राजाच आता चाकराला लावीत आहे. ‘राव’ आणि ‘साहेब’ यांचे मराठीत काय झाले हे आठवावे. अशी सार्वत्रिक झालेली पदवी आदर दाखविण्यास निकामी होते, आणि आदर गेला की त्या रिकाम्या जागेत उपहास सहज शिरतो. तथापि तो लगेच शिरला नाही. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात हा शब्द चांगल्या अर्थाने आलेला आहे, आणि काशिकावृत्तीतही वरील वार्तिक ‘मूर्ख’ या शब्दाविना दिले आहे.

मूर्ख हा अर्थ निःसंशयपणे प्रथम भेटतो तो नंतरच्या वादग्रंथांत. आणि येथे प्रचलित मीमांसेला जबर धक्का बसतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात हा शब्द प्रतिपक्ष्याला उद्देशून वापरला आहे. तो प्रतिपक्षी बौद्ध नाही; ब्रह्म आणि जीव यांच्या ऐक्यातून ब्रह्मालाही सुखदुःखाचा भोग येईल अशी शंका काढणारा, वेदान्ताच्या चौकटीतच बोलणारा तो पूर्वपक्षी आहे. बौद्धांच्या खंडनासाठी आचार्यांनी दुसऱ्या अध्यायात चांगली ऐसपैस जागा ठेवली आहे. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात हाच शब्द योजला, तो शब्दाच्या अभिधाव्यापाराला बाणाप्रमाणे लांबवीत नेणाऱ्या आणि व्यंजना न मानणाऱ्या विद्वानांसाठी. तेही बौद्ध नव्हेत. ब्राह्मण पंडिताने ब्राह्मण पंडिताला मारलेला हा टोमणा आहे.

मम्मटाच्या त्या वाक्यात आणखी एक गंमत आहे, ती सहसा कोणी नोंदवीत नाही. त्यात ‘देवानांप्रिय’ च्या शेजारीच ‘वाचोयुक्ति’ हा शब्द येतो. हे दोन्ही एकाच सूत्रावरील वार्तिकांतले अलुक् समास! हा योगायोग मानण्यास माझे मन तयार नाही. ज्यांनी लहानपणी ही वार्तिके घोकली त्यांच्यासाठी केलेली ही पाठशाळेतील थट्टा आहे. वाक्याचा अर्थ न कळणाऱ्यांना मूर्ख म्हणताना मम्मट त्यांना त्यांच्या व्याकरणाच्या पहिल्या धड्यांची आठवण करून देतो.

यावरून एक अनुमान सुचते. पतंजलीच्या गणातील चार शब्दांपैकी नेमका हाच मूर्खवाचक का झाला? आयुष्मान् आणि दीर्घायु यांच्यावर ही पाळी का आली नाही? उपहास तर त्यांचाही करता येतो. माझ्या मते याचे एक कारण शब्दाच्या व्याकरणातील पत्त्यात आहे. ‘देवानांप्रिय’ हा शब्द विद्यार्थ्याला भेटतो तो आक्रोशाच्या, म्हणजे शिवीच्या, सूत्राखाली. कात्यायनाने तो तेथे अपवाद म्हणून ठेवला. पण राजदरबारातून आणि बोलण्यातून शब्द नाहीसा झाल्यावर त्याची दुसरी ओळखच उरली नाही, आणि शेजाऱ्यांवरून त्याची किंमत ठरू लागली. जो शब्द जिवंत भाषेत ऐकू येत नाही त्याचा अर्थ पाठ्यग्रंथातील स्थानावरून लावला जातो, याचा अनुभव जुने मराठी ग्रंथ शिकविणाऱ्या प्रत्येकाला आहे. या प्रक्रियेचा शेवट भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत झाला. सतराव्या शतकातील या ग्रंथात वार्तिकापुढे ‘मूर्ख या अर्थी’ अशी पुस्ती जोडलेली आहे. चांगल्या अर्थी ‘देवप्रिय’ म्हणावे. कात्यायनाच्या अगदी उलट व्यवस्था झाली, आणि ती कात्यायनाच्याच नावावर!

कौमुदीच्या टीकाकारांनी याला उपपत्तीही दिली. ज्याला ब्रह्मज्ञान नाही तो देवांच्या दावणीचा पशू होय. पशू मालकाला हवासा असतो, म्हणून मूर्ख देवांना प्रिय. कल्पना बृहदारण्यकोपनिषदातून घेतलेली आणि मोठी सुंदर आहे. पण ती अर्थ ठरल्यानंतर सुचलेली आहे. तिच्यात अशोकाचे नाव नाही, बुद्धाचे नाही. असणार तरी कसे? अशोकाची लिपी पुढे कोणास वाचताही येईनाशी झाली होती. फिरोजशाह तुघलकाने १३५६ मध्ये अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले तेव्हा बोलाविलेल्या पंडितांना त्यांवरील एक अक्षर लागले नाही. त्याआधी इ. स. १५० मध्ये रुद्रदामनाने गिरनारच्या त्याच खडकावर आपला लेख कोरविला; त्यात अशोक मौर्याचे नाव आदराने आले आहे, बिरुद मात्र नाही. ज्या बिरुदाची अशोकाशी असलेली गाठच लोकांच्या स्मरणातून सुटली, त्याच्याद्वारे अशोकाची निंदा करणार कोण? ‘अशोकाची पदवी म्हणजे मूर्ख’ हा विरोध १८३७ नंतरच्या वाचकाला दिसतो. भट्टोजींना तो दिसणे शक्य नव्हते. शिवाय मूर्खवाचक शब्दांत ‘देवानांप्रिय’ ची नोंद करणारा बाराव्या शतकातील अभिधानचिंतामणी हा कोश हेमचंद्राचा, म्हणजे एका जैन आचार्याचा, आहे.

पंथद्वेषाने अर्थ बिघडलेला शब्द कसा दिसतो, हे पाहावयाचे असल्यास ‘पाषंड’ घ्यावा. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात तो कोणत्याही धर्मपंथाला लावलेला साधा, निर्विकार शब्द आहे. राजा सर्व पाषंडांचा दानाने व पूजेने सन्मान करतो. मनुस्मृतीत पाषंडींचा शब्दानेसुद्धा सत्कार करू नये असे विधान आहे, आणि मराठी संतांच्या ‘पाखंडी’ पर्यंत तो रोख कायम राहिला. येथे शिवी कोणाला दिली जाते हे प्रत्येक प्रयोगात स्पष्ट आहे, आणि तो नेहमी वेदबाह्य किंवा धर्मबाह्य मनुष्यच असतो. ‘देवानांप्रिय’ च्या प्रयोगांत असा रोख दाखविता येत नाही. हेच माप मराठीतील ‘थेरडा’ शब्दालाही लावावे. बौद्ध ‘थेरां’ च्या तिरस्कारातून तो निघाला, असे ऐकिवात येते. कार्ले-कान्हेरीच्या लेण्यांत ‘थेर’ भेटतात हे खरे. पण ‘स्थविर’ पासून झालेला प्राकृत ‘थेर’ हा मुळात म्हाताऱ्याचा वाचक आहे, आणि तुच्छता येते ती ‘म्हातारडा’ मध्ये येते तशी ‘-डा’ या प्रत्ययामुळे. प्रत्ययाने जे काम केले त्याचे श्रेय धर्मयुद्धाला देण्याचे कारण नाही.

पंथद्वेषाचा या शब्दावर मुळीच परिणाम झाला नसेल असे सिद्ध करता येणार नाही. एखाद्या वादसभेत कोणी बौद्ध भिक्षूला तो ऐकविलाही असेल. परंतु सिद्धतेचा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे, आणि तो उचलण्यासाठी निदान एक तरी असा प्रयोग दाखविला पाहिजे. तोपर्यंत कोशकाराने या शब्दाचे अर्थ कालक्रमाने द्यावेत : प्रथम राजाचे बिरुद, मग आदरार्थी संबोधन, मग उपरोधाने योजलेले संबोधन, आणि वादग्रंथांपासून पुढे मूर्ख. महाभाष्याचे मराठीत भाषांतर करणाऱ्याने त्या सारथ्याच्या तोंडी ‘अरे मूर्खा’ घालू नये. ‘महाराजांना नियम कळतो, पण लोक कसे बोलतात ते कळत नाही’, एवढे त्याला पुरेसे आहे.